संसर्ग सांगणारा कोश

मित्रांनो, मी एक जुना मराठी शब्दकोश आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. काशीत पंचगंगा घाटावरच्या गल्लीत राहणाऱ्या नरहरशास्त्रींच्या वडिलांनी मला वळकटीत गुंडाळून इकडे आणले. या घरात मराठी उंबऱ्याच्या आतच बोलली जाते. बाहेर पाऊल टाकले की सारी हिंदी. म्हणून एक रिवाज पडला. शब्द अडला की कोणी अर्थ सांगायचा नाही, मला उघडून मोठ्याने वाचायचे. नरहरशास्त्री जिभेला बोट लावून माझी पाने भराभर उलटत. त्या बोटाने माझे कोपरे काळे पडले, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

मग त्यांच्या नातीच्या, मुक्ताच्या, हाती मोबाइल आला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती त्याला उशाशी घेई, रुमालाने पुसे, वेळेवर चार्जिंगला लावी. माझ्यावरची धूळसुद्धा कोणी झटकत नव्हते.

गेल्या वर्षी गल्लीत डोळे येण्याची साथ पसरली. गणेशोत्सवात इथल्या मराठी मुलांची भाषणे होतात. मुक्ताने विषय घेतला ‘संसर्ग’.

“आजोबा, फोनवर तर एकच लाइन आहे, रोग पसरणे. पाच मिनिटं काय बोलू मी?”

“कोश काढ,” नरहरशास्त्री म्हणाले.

सकाळपासून त्यांचे डोळे चुरचुरत होते. त्यांनी डोळे चोळले, बोट जिभेला लावले आणि माझे पान शोधून दिले. मुक्ता ओळींखालून बोट फिरवत वाचू लागली, “सम् म्हणजे एकत्र. सृज् म्हणजे सोडणे, घडवणे. संसर्ग म्हणजे एकत्र येणे, मिसळणे, सहवास. संगतीने जडणारा गुण, दोष किंवा रोग.”

“म्हणजे आधी हा बीमारीचा शब्द नव्हताच?”

“नव्हता. सोबत राहणं, एवढाच अर्थ. रोग त्यात मागून शिरला.”

ती तासभर माझ्यावर ओणवी होऊन लिहीत होती. मधूनच डोळे चोळत होती. मोबाइल कोपऱ्यात पालथा पडला होता आणि मी मनातून त्याला हिणवत होतो.

तिसऱ्या दिवशी मुक्ताचे डोळे लालभडक झाले. भाषण त्याच संध्याकाळी होते. तिला घरीच थांबावे लागले.

तिच्या आईने, इंदूने, बरोबर ताडले. “बाबा, डोळे चोळलेलं बोट तुम्ही थुंकी लावून पानांवर फिरवता, आणि ही त्याच पानांवर हात ठेवून बसली होती. तशीही पानं सुटलीच आहेत. आता गंगेत सोडून या. फोन आहेच की.”

काशीत जीर्ण पोथ्या रद्दीत घालत नाहीत, गंगेला देतात. मी हादरलो. पण खरे सांगू? त्याआधी मला क्षणभर बरेच वाटले होते. त्या मोबाइलला जमले नाही असे काहीतरी मी मुक्ताला दिले होते. मग दाराआडून तिचे पाठ केलेले भाषण ऐकू आले. ती एकटीच भिंतीकडे तोंड करून बोलत होती आणि मध्येच रडू लागली. तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली.

सकाळी नरहरशास्त्री मला पंच्यात गुंडाळून घाटाच्या पायऱ्या उतरले. खालच्या पायरीवर त्यांनी मला कपाळाला लावले. मागून काळा चष्मा घातलेली मुक्ता आली.

“आजोबा, याला नका सोडू. गलती याची नाही. तुमच्या बोटाची आहे.”

“माझीच आहे,” ते म्हणाले आणि मला घेऊन वर चढले.

मी आठ दिवस गच्चीवर उन्हात होतो. आता मला उघडण्याआधी सगळे साबणाने हात धुतात. नरहरशास्त्रींचे बोट सवयीने जिभेकडे जाते आणि अर्ध्या वाटेवरून परत येते. मुक्ता अजूनही आधी मोबाइलच बघते, आणि मी अजूनही जळतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी धूळ खात पडले असेल. त्याच्याकडे हात धुऊन या, हात कोरडे करून या, पण या.