दोनची ओव्हर

"पाच नंबर! दीपमाला, पाच नंबरचं बाळ! घड्याळ बघ जरा, दोन वाजून सात मिनिटं झाली."

शिवकन्या सिस्टरचा आवाज काचेबाहेरच्या बाकांपर्यंत गेला. तिथं बसलेल्या दोन आज्यांनी दचकून आत बघितलं. आत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सकाळपाळीचे चार आणि दुपारपाळीचे चार असे आठ जण पाचव्या वॉर्मरभोवती, बाळाला ऊब देणाऱ्या खाटेभोवती, उभे होते. याला नर्सेस 'ओव्हर' म्हणतात. जाणाऱ्याने येणाऱ्याला प्रत्येक बाळाची हकीकत सांगायची: वजन, दूध, औषध, पाळीत काय घडलं. इथे ती मोठ्याने आणि तोंडपाठ सांगावी लागे. कागद बघायचा नाही. हा नियम सिस्टरनी एकोणीस वर्षांपूर्वी घातला होता.

"पाच नंबर," दीपमाला म्हणाली. "वजन... बाराशे..."

मॉनिटरचा अलार्म वाजू लागला. सिस्टरनी न बघताच हात लांबवून तो बंद केला. ओव्हरच्या वेळी त्या नेहमीच तसं करत. सांगणाऱ्याचं ऐकू यायला हवं.

"बाराशे किती? काय गं, पाठ म्हणणारा पोपट गावी धर्माबादलाच राहिला का?"

सगळे हसले. दीपमालाही हसल्यासारखं करून खाली बघू लागली. शेवटी तारामतीने, जी कुणाच्याही वाटणीचं बोलायला कायम तयार असे, सांगून टाकलं, "बाराशे चाळीस, सिस्टर. सोडा तिला."

अडीच वाजता दीपमालाने सिस्टरच्या टेबलावर घडी घातलेला कागद ठेवला. राजीनामा. एक तारखेपासून हैदराबाद.

सहा महिन्यांतला हा पाचवा होता. बाळांच्या डॉक्टरांनी कागद वाचून पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "सिस्टर, सोळा जण पाहिजेत, बारा हायेत. बारावर कसंबसं चालून राहिलंय. अकरा झाले की मी चार वॉर्मर बंद करणार. चार बाळं परत पाठवायची, दुसरं काय?"

"दुसरी पोरगी बघते सर."

"बघा. पण एवढ्या जाऊन का राहिल्या, ते बी बघा."

सिस्टरना हे लागलं. आपल्या हाताखाली अन्याय होतो असं कुणीही म्हणू शकणार नाही, याचा त्यांना अभिमान होता. मुरुडला वडलांच्या, शिवप्पांच्या किराणा दुकानात वाढलेली ही मुलगी लातूरला नर्सिंग शिकली, आणि पहिल्याच नोकरीत तिने वशिला बघितला. मेट्रनच्या लाडक्यांना सकाळपाळी, हिला सलग तेरा नाईट. साखरपुड्याच्या फोटोत तिचे डोळे सुजलेले आहेत. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, माझ्या हातात ड्यूटी लिस्ट आली तर सगळ्यांना सारखं. आणि ते त्यांनी करून दाखवलं. पट्टीने आखलेली लिस्ट, चार रंगांची शाई: एक हप्ता नाजूक बाळं, एक हप्ता सुधारलेली बाळं, एक हप्ता नातेवाइकांच्या चौकशीचा काउंटर, एक हप्ता नाईट. कुणालाही एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दीपमालाची जागा कुठे कुठे रिकामी पडेल ते बघायला, त्यांनी सहा महिन्यांच्या लिस्टा स्टोअररूमच्या फरशीवर ओळीने मांडल्या. सोडून गेलेल्यांनी राजीनामा दिला त्या हप्त्याभोवती लाल गोल केला. चष्मा वर सारला, पुन्हा खाली ओढला. रत्नम्मा: नाजूक बाळांचा हप्ता. पुनम: काउंटर लागणार त्याच्या आधीचा शनिवार. दीपमाला: तिचाही काउंटर येत्या सोमवारपासून.

कस्तुराबाई मौशी पोछा घेऊन दारात थांबल्या. "हे काय सिस्टर, पत्ते मांडून बसल्या?"

"मौशी, रत्नम्मा का गेली, तुम्हाला माहीत हाय का?"

"हाव. तिला माणसं लागत्यात. तुम्ही बसवलं बाळापाशी. बाळ काय बोलतंय का? माझ्यापाशी येऊन रडायची पोरगी. मौशी, आठ घंटे तोंडाला कुलूप, म्हणायची."

"आन् पुनम?"

"ती लई उलटी. तिला माणसांचा तरास. काउंटरचा हप्ता जवळ आला की तिचं जेवण बंद."

"मग मला का न्हाई सांगितलं तुम्ही?"

"तुम्ही इचारलं कधी?" मौशींनी पोछा पिळला. "तुम्ही इचारता, फरशी पुसली का. ते मी सांगते."

उरलेल्या दोघींचंही सिस्टरनी नाव घेऊन विचारलं. मौशींनी त्यांचीही कारणं सांगितली आणि सिस्टरनी लाल गोलांवर बोट ठेवून ती ताडून बघितली. पाचांपैकी चार जुळले. पाचवीचं लग्न ठरलं होतं, तिला लिस्टने घालवलं नव्हतं. पाचांत चार म्हणजे काही पक्का पुरावा नव्हे, हे सिस्टरनाही कळत होतं. तरी त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. बाळाच्या काडीएवढ्या हातात दोनदा शीर चुकते आणि तिसऱ्या वेळी सुईत रक्ताचा थेंब दिसतो, तेव्हा व्हायची तशी ती धडधड होती. त्या एवढ्या झटक्याने उठल्या की दोन लिस्टांवर चपलेचे ठसे उमटले.

दीपमाला दूध मोजायच्या खोलीत होती.

"हैदराबादला पगार जास्त हाय का?"

"न्हाई सिस्टर. खोलीचं भाडं धरलं तर इथंच परवडतंय."

"मग मावशीबिवशी हाय तिथं?"

"कोणीच न्हाई."

"अगं मग कशाला चाललीस?"

दीपमालाने सिरिंज डोळ्यांसमोर धरून त्यातला हवेचा बुडबुडा घालवला. हात अजिबात हलत नव्हता. "तिथं ओव्हर लिहून द्यायची असती."

सिस्टर आधी हसल्या. मग ती हसत नाही हे बघून थांबल्या.

"मला बाळांची भीती न्हाई," दीपमाला सिरिंजकडे बघतच म्हणाली. "कितीबी बारीक असू द्या. पण आठ जण माझ्याकडं बघून राहिले की डोक्यातलं समदं पुसून जातंय. आन् तुम्ही पोपटाचं काढलं की..." पुढचं तिने दुधाच्या वाटीवर झाकण ठेवता ठेवता गिळलं.

सिस्टरनी झाकलेली वाटी उचलून ट्रेमध्ये ठेवली.

"उद्याची लिहून दे," त्या म्हणाल्या. "एकच दिवस. बघू दे मला."

शुक्रवारी सव्वाबारा वाजताच चार कागद टेबलावर आले. बारीक, सरळ अक्षर. सिस्टर उभ्यानेच वाचू लागल्या आणि पाच नंबरपाशी येऊन खुर्चीत बसल्या.

'पाच नंबर. एकतिसाव्या आठवड्यात जन्म. वजन १२५५ ग्रॅम, परवापेक्षा १५ जास्त. दूध १८ मिली, दर दोन तासांनी, नळीने. पोट मऊ. मॉनिटरमधल्या साठलेल्या नोंदी बघितल्या. रोज सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठला रक्तातला ऑक्सिजन ९४ वरून ८८ पर्यंत उतरतो. पाच-सहा मिनिटांत परत चढतो. नऊ दिवस असंच आहे. दुधाशी मेळ बसत नाही, औषधाशी बसत नाही. ओव्हरशी बसतो. दोन आणि नऊ नंबरलाही थोडं होतं.'

खाली पेन्सिलने काढलेला आलेख होता. नऊ दिवसांच्या नऊ रेघा, आणि सगळ्या एकाच ठिकाणी, दोनच्या ठोक्याला, खाली झुकलेल्या.

सिस्टर कागद घेऊन धावतच आत गेल्या. "अगं, नऊ दिवस! मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगायचं कधी सिस्टर?" दीपमाला हळूच म्हणाली. "सांगायची वेळ म्हंजे ओव्हरच की."

त्या दुपारी दोन वाजता कुणी अर्धवर्तुळ केलं नाही. सिस्टरच्या सांगण्यावरून सगळ्यांनी आपापलं लिहून आणलं होतं. जाणारा आणि येणारा, दोघं दोघं, वाकून, पुटपुटत. अलार्म कुणी बंद केला नाही. शिवकन्या सिस्टर पाच नंबरच्या मॉनिटरसमोर हाताची घडी घालून उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले.

वीरेश ब्रदर जवळून जाता जाता कुजबुजला, "सिस्टर, तुम्ही गप? डॉक्टरांना बोलावू का?"

त्यांनी डोळे वटारले आणि पुन्हा आकड्याकडे बघितलं. ९४. दोन वाजून दोन मिनिटं, ९४. चार मिनिटं, ९३. तारामती नखं खात होती. डॉक्टर दाराशी येऊन थांबले होते, त्यांनाही कुणीतरी सांगितलं असावं. दोन वाजून सहा मिनिटं, ९५. दीपमालाने कागदावर टिंब काढलं. सात मिनिटं. ९५.

"अगं पंच्याण्णव!" सिस्टर ओरडल्या. "दीपमाला, पंच्याण्णव हाय गं!"

बाळाने दोन्ही हात झटकले. ९३. ९१. ८९. अलार्म वाजू लागला.

सगळ्यांनी आधी आकड्याकडे बघितलं आणि मग, न बघायचं ठरवूनही, सिस्टरकडे. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता. दीपमालाने बाळाच्या डोक्यावर आणि पायांवर तळवे ठेवले, नुसते, न थोपटता. सहा मिनिटांनी आकडा चढला. तिने तेही टिंब काढलं.

"आता शंकाच न्हाई, आवाजानंच होतंय," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले. ते खूश झाले होते. "सिस्टर, हा लई पक्का शोध लागला."

शनिवारी टेबलावर लिस्ट आली, ती कोरी. बाहेरच्या खोलीत, दार लावून, सगळ्यांना बोलवलं होतं.

"नावं तुम्ही भरायची," सिस्टर म्हणाल्या. "काय जमतंय, काय सोसत न्हाई, ते तोंडानं सांगा न्हाईतर लिहा. आजपर्यंत मी सगळ्यांना एकाच मापाचा सदरा घातला."

एकच गलका उठला.

"काउंटर मला द्या, कायमचा!" तारामतीने लिस्टवर हातच ठेवला. "एकेका सुनेच्या सासूला सरळ करते. बाळांत बसून मी येडी होऊन राहिले."

"सासू तुला सरळ करील," वीरेश म्हणाला. मग कान खाजवत, "नाईट मी जास्त घेतो सिस्टर. पण एक हाय. दर दहा मिनटाला 'झालं का, झालं का' इचारू नका."

"मी काळजीनं विचारते रे."

"आमाला ती तपासणी वाटती."

सिस्टरनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं: वीरेश, एकदाच सांगणे. खोडाखोडी झाली, सकाळपाळीवरून दोघींची जुंपली, चहा आला, रविवारच्या सुट्टीसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. तासाभरात त्या सुबक चार रंगांच्या लिस्टची पार दशा झाली होती.

दीपमाला भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही; सिस्टरनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं. गलका ओसरल्यावर ती पुढे आली, पेन उचललं आणि नाजूक बाळांच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. पहिला हप्ता. दुसरा. तिसरा. चौथा. तारामतीने टाळी वाजवायला हात उचलले, दाराकडे बघितलं, आणि नुसतेच हवेत हलवले. मग सगळेच हात हवेत हलवू लागले. डॉक्टरांना बाराचे बाराच राहिले हे कळवायला वीरेश जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून गेला.

एक चौकोन रिकामा होता. बाळांच्या विभागाची इनचार्ज.

"ते तर तुमचंच हाय," तारामती म्हणाली.

सिस्टरनी पेन घेतलं. तिथे त्यांनी दीपमालाचं नाव लिहिलं. स्वतःचं नाव खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणींच्या वॉर्डात, काउंटरची देखरेख धरून.

"सिस्टर, न्हाई!" दीपमाला पटकन बोलली. सगळ्यांसमोर, आणि मोठ्याने. "तुम्ही हळू बोला ना फक्त. आम्ही आठवण करू."

"कालपासून करून बघितलं की. अकरा वेळा विसरले, मोजलंय मी." त्या हसल्या. "एक्कावन्न वर्षांचा गळा हाय. गिऱ्हाइकांच्या गर्दीत आप्पांना हाक ऐकू जावी म्हणून कमावलेला. ज्याला जे सोसतंय तिथं तो, असं मीच म्हणले ना? मग मला वेगळा नियम कशाला?"

सोमवारी दोनला दोन मिनिटं असताना सिस्टर वर आल्या. काउंटरवर तारामती कुणाच्या तरी मामाशी वाद घालत होती आणि फार आनंदात दिसत होती. सिस्टरनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या वर सारल्या, कोपराने नळ उघडला. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, कोपरापर्यंत. मोजून दोन मिनिटं.

काचेपलीकडे ओव्हर सुरू झाली होती. पाच नंबरपाशी दीपमाला वाकली होती, शेजारी दुपारची मुलगी, दोघींच्या मधे एक कागद. दीपमालाचं बोट ओळीवरून सरकत होतं. इकडे काही ऐकू येत नव्हतं.

सिस्टर हात कोपरातून वर धरून, कुठेही न लावता, दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. पाणी कोपरावरून ठिबकत होतं. मग त्या बेसिनपाशी परत आल्या, टॉवेल घेतला, आणि दोन्ही हात एकेक बोट धरून सावकाश पुसले. घड्याळ पुन्हा मनगटाला बांधलं आणि जिना उतरल्या.