बारा बाळं

भाषेच्या बाईंनी गठ्ठ्यातले बारा कागद वेगळे काढले आणि खुर्चीवर न बसताच वाचायला सुरुवात केली.

"प्रश्न चौथा. ऐकताना तुमचं लक्ष कधी उडतं? उत्तर : 'घरी पहाटेपासून बाळ रडत असलं की वर्गात मला नुसते आवाज येतात, शब्द येत नाहीत.'" त्यांनी दुसरा कागद उचलला. "इथंही बाळ. इथंही! अरे, नववीच्या एका वर्गात बारा बाळं? पाळणाघर काढायचं का आपण?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. आपण कसं ऐकतो हे मुलांनी स्वतःच स्वतःला विचारावं, म्हणून दोन रविवार खपून त्यांनी ही प्रश्नावली केली होती; आणि पठ्ठ्यांनी तीसुद्धा एकमेकांची बघून उतरवली होती.

"मग? खरं बाळ कुणाचं? बोला की आता!"

 खिडकीजवळच्या बाकावरच्या एका मुलीनं मान इतकी खाली घातली होती की कपाळ वहीला टेकायचंच काय ते बाकी होतं. दोन्ही कान लालबुंद.

बाईंचं हसू जागीच विरलं. कागद वाटले त्या दिवशी 'हे मी कुणालाही वाचून दाखवणार नाही' असं फळ्यावर त्यांनीच लिहिलं होतं. खाली दोन रेघा मारून.

"बरं, असू दे," म्हणत त्यांनी सावरायला म्हणून घाईघाईनं पान उलटलं. "प्रश्न पाचवा. ऐकलेलं समजलं नाही, तर तुम्ही काय करता? उत्तर..."

त्या थांबल्या. दुसरा कागद पाहिला, तिसरा पाहिला, पार बाराव्यापर्यंत गेल्या. अक्षरं निराळी, शब्दही थोडे इकडचे तिकडे. म्हणणं मात्र एकच.

"वाचा ना बाई," मागून आवाज आला.

पदरानं मान पुसून बाईंनी वाचलं.

"'गप्प बसायचं. विचारलं की बाई हसतात. मग सगळेच हसतात.'"

या वेळी कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरची, अखंड बडबडीमुळे सगळे जिला रेडिओ म्हणत ती मुलगी उभी राहिली. त्या बारांत तिचाही कागद होता.

"बाई, बाळाचं मी बघून लिहिलं," ती म्हणाली. "पण हे नाही."