सुखनाकाठचा गोल

विनयाने कोऱ्या कागदावर आधी एक मोठा गोल काढला, आणि मगच मान वर करून समोरच्या सुखना तलावाकडे पाहिलं.

"हे काय? तलाव काढतेयस की भाकरी थापतेयस?" लक्ष्मीकांतकाकांनी विचारलं.

ती ओशाळली. पॅथॉलॉजीत पंचवीस वर्षं गेलेली. सूक्ष्मदर्शकात दिसेल ते गोलातच काढायचं, गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी, ही सवय विद्यार्थिदशेपासून हाडीमांसी खिळलेली. उघड्यावर बसून चित्र काढायची ही पहिलीच वेळ, आणि त्यात मन थाऱ्यावर नव्हतं. काकांच्या मानेतल्या गाठीचा तुकडा शुक्रवारी तिच्याच टेबलावर आला होता. अहवालावर सहीही तिचीच. सर्जन तो काकांना उद्या, सोमवारी सांगणार. तोवर तिने गप्प बसायचं, असा नियम. नियम करणाऱ्याचं काय जातं!

काका केंद्रीय विद्यालयात चित्रकला शिकवायचे. बदलीवर चंदीगडला आले ते इथलेच होऊन गेले.

"गोल राहू दे. डोळे किलकिले कर. पानं मोजायची नाहीत. गडद कुठे, फिकट कुठे, एवढंच बघ."

तिने डोंगरांना निळा रंग लावला, अगदी पाण्यासारखा पातळ.

"घाबरतेस कशाला? कागद चावत नाही."

तिने रंग थोडा दाट घेतला. फिरायला आलेले एक सरदारजी मागे येऊन थांबले.

"वाह जी! पहाड़ तो पक्का कसौलीवाला है!"

विनयाला हसू आलं. घटकाभर तिला खरंच बरं वाटलं.

सरदारजी गेल्यावर काका ब्रश धुऊ लागले.

"चित्र काढायला चल म्हणून पाच वर्षं तुझ्या मागे लागलोय मी. तुझं आपलं एकच, 'पुढच्या रविवारी, काका.' काल मात्र तूच फोन केलास. म्हणालीस, उद्याच जाऊ."

विनया त्याच डोंगरावर पुन्हा निळा रंग लावू लागली.

"फोन ठेवला आणि मी समजलो. वाईट आहे ना?"

नियम तिला चांगला ठाऊक होता.

"हो, काका," ती म्हणाली. "पण उपचार आहेत."

काकांनी ब्रश फडक्याला पुसला.

"बरं झालं, मराठीत ऐकलं," ते म्हणाले. "उद्या डॉक्टरांकडून हिंदीत ऐकायला जड जाणार नाही."