हट्बाईंची खिडकी

"सर, तेवढी खिडकी बंद करून द्या हो, कायमची. उद्या माझा निरोपसमारंभ. निदान उद्या तरी ती माझ्या तोंडावर नको."

ऑफिसच्या कारकूनबाई कॉम्प्युटरच्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या. मी त्या मुलींच्या शाळेत कॉम्प्युटरचा नवा शिक्षक, पण पडद्यावर उघडणारी ही खिडकी मलाही ठाऊक होती. कार्यक्रम कुठलाही असो, सभागृहातला कॉम्प्युटर बाईच चालवायच्या. मोठ्या पडद्यावर पाहुण्यांचा हसरा फोटो असायचा, बाई पेनड्राइव्ह खोचायच्या आणि बरोब्बर पाहुण्यांच्या नाकावर चौकट उगवायची: या ड्राइव्हचं काय करायचं? बाई माशी हाकलावी तशा "हट्!" म्हणून ती घालवायच्या. एकदा माइक चालू राहिला आणि ते अख्ख्या सभागृहाने ऐकलं. झालं! तेव्हापासून चौकट आली रे आली की सगळ्या मुली एका सुरात "हट्!" ओरडायच्या. बाईंचं नावच हट्बाई पडलं.

"मुली हसतात ते हसू देत," बाई म्हणाल्या, "पण उद्या आमचे हे येणार, सूनबाई येणार. इतकी वर्षं नोकरी केली आणि हिला साधा कॉम्प्युटर आवरत नाही, असं वाटायला नको त्यांना."

म्हणजे प्रश्न अब्रूचा होता. मी त्यांना सभागृहात नेऊन सेटिंग्जमधलं 'ऑटोप्ले'चं बटण दाखवलं. "हे बंद केलं की पेनड्राइव्ह असो, कॅमेऱ्याचं कार्ड असो, हा काही विचारणार नाही."

"एवढंच?" बाईंनी कपाळावर हात मारला. "आणि मी मेली जन्मभर हट् हट् करत बसले!"

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. पडद्यावर बाईंचा फोटो, पहिल्या रांगेत सूनबाई आणि कडक इस्त्रीच्या शर्टात त्यांचे यजमान. आणि कॉम्प्युटरपाशी? अर्थात बाईच. स्वतःच्या निरोपालाही त्यांनी दुसऱ्या कुणाला तिथे बसू दिलं नाही.

त्यांनी पेनड्राइव्ह खोचला. काही उगवलं नाही. बाईंनी माझ्याकडे बघून ऐटीत मान उडवली. मलाही फार बरं वाटलं.

पण सभागृह चिडीचूप. मुली तोंडं उघडी टाकून वाट बघत होत्या. पुढची एक चिमुरडी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, आज हट् नाही?"

बाईंनी गोंधळून यजमानांकडे पाहिलं.

"अगं, कार्यक्रम झाला की घरी येऊन त्याचंच तर सांगायचीस," ते म्हणाले. "मी तेच बघायला आलो होतो."

बाई पुन्हा कॉम्प्युटरकडे वळल्या. मग सगळ्यांच्या देखत त्यांनी सेटिंग्ज उघडल्या, बटण चालू केलं, पेनड्राइव्ह काढून पुन्हा खोचला. चौकट थेट त्यांच्याच नाकावर!

"हट्!"

छप्पर उडायचंच बाकी राहिलं. यजमान मुलींपेक्षा मोठ्याने ओरडले. बाई हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या.

"घ्या सर, आता तुम्ही घालवा," म्हणत त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला आणि जाऊन यजमानांशेजारी बसल्या. मी चौकट बंद केली. फोटो एकेक करून येऊ लागले. इतक्या वर्षांत बाई पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसून बघत होत्या.