कुंभारणीचं घर

"घे, आणि बांध घर!" चतुराबाईनं खराट्याच्या बुडख्यानं चौकटीवरचं आणखी एक मातीचं घर पाडलं. वरती घिरट्या घालणाऱ्या कुंभारीण माशीलाही चपलेनं आडवी केली.

"अगं, काय वाकडं केलं तिनं तुझं?" कुंपणापलीकडून मनकर्णाबाई ओरडली.

"मुळ्याची चाळण करणाऱ्या काळ्या अळ्या हिचीच पिलावळ हाय! कुंभारीण अळीला टोचून टोचून आपल्यासारखी करती, बुवांनी कीर्तनात सांगितलं नाय का? वंशच बुडवते रांडेचा!"

बुवांचं खोटं कसं असेल? आणि वाफा साधा नव्हता. रझाकारीत खुलताबाद सोडताना लोकांनी दागिने नेले; तिच्या नवऱ्यानं, सांडूनं, कमरेच्या कापडी थैलीत, कशात, मुळ्याचं बी नेलं. पोलीस ॲक्शननंतर परतून दरसाल तेच पेरलं. गेल्या उन्हाळ्यात सांडू गेला. कशातलं शेवटचं बी तिनं या वाफ्यात टाकलं होतं, पुढचं बी धरण्यासाठी.

पानांवर नारिंगी माश्याही बसत. बिननांगीच्या, गरीब. चतुराबाई म्हणे, "बस गं बाई."

पडलेलं घर तिनं टाचेखाली घेतलं, तर आतून मुळ्यावरच्याच काळ्या अळ्या निघाल्या, डंखानं लुळ्या पडलेल्या. त्यांतली एक अर्धी खाल्लेली, आणि तिला चिकटलेलं कुंभारणीचं पांढरं पोर अजून खात होतं.

चतुराबाई तशीच वाफ्याकडे धावली. नारिंगी माशी शेपटीनं पानाची कड करवतीसारखी चिरून आत अंडी घालत होती. शेजारच्या चिरेतून टाचणीच्या टोकाएवढी अळी बाहेर येत होती.

"सटवे! तू व्हय यांची माय!"

दिवसभर तिनं माश्या चिमटीत चिरडल्या, अळ्या दगडावर ठेचल्या. राग काही निवेना. जी कुंभारीण अळ्या मारून तिचाच सूड उगवत होती, तिचीच घरं तिनं मोडली होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस बघ," मनकर्णाबाई म्हणाली.

शिमग्याला वाफ्यात नुसते देठ उरले. एक शेंग धरली नाही. सांडूचा कसा खुंटीला रिकामाच लोंबत होता.

तरी रोज सकाळी ती उंबऱ्याशी माती भिजवून ठेवी.

"आता कशाला गं? वाफा तर गेला," मनकर्णाबाई म्हणाली.

"असू दे. लई घरं मोडली मी."

एक दिवस कुंभारीण आली. मातीची गोळी उचलून कुंपणावरून मनकर्णाबाईच्या चौकटीकडे निघून गेली.

चतुराबाई बघत राहिली. मग तिनं मातीवर आणखी ओंजळभर पाणी शिंपडलं.