धोबी पक्ष्याला होणारा उशीर

जगातले पक्षी दिवसेंदिवस उशिरा येऊ लागले आहेत, ही गोष्ट १९६१ साली बेंगळूर शहरात, वृषभावती नदीच्या काठी निर्विवादपणे सिद्ध झाली. सिद्ध करणारे गृहस्थ हयवदनराव हे एका सरकारी कचेरीत वरच्या श्रेणीचे कारकून होते. वाद घालायला तिथे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून निर्विवाद. आणि वृषभावती ही साक्षात नंदीच्या पायाशी उगम पावलेली नदी असली, तरी वर्षातले आठ महिने ती ओलांडायला धोतर घोट्याच्या वर घ्यावं लागत नसे.

पण खाली, नव्याने आखलेलं राजाजीनगर संपून शेतं लागत, तिथे नदीला जरा पसरायला जागा मिळे. लव्हाळी माजत, चिखल होई, पलीकडे एक तळं होतं. हयवदनरावांनी राजाजीनगरात घर घेतलं तेव्हा नळाला पाणी नव्हतं, रस्त्याला दिवे नव्हते आणि शेजारी नव्हते. पहाटे उठून करायचं काय, म्हणून ते नदीकडे जाऊ लागले. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या लिलावात त्यांना दुर्बीण मिळाली होती. तिच्या उजव्या नळीत बुरशी होती. डाव्या नळीतून मात्र पक्षी चांगला दिसे, आणि एका वेळी एकच पक्षी बघायचा असल्याने काही अडत नसे.

उन्हाळ्यात नदी आटे आणि उरलेल्या डबक्यांभोवती बगळे मुकाट उभे राहत. कचेरीत वरिष्ठांच्या खोलीबाहेर लोक उभे असतात तसे. जूनमध्ये सुगरणी लव्हाळ्यांवर घरटी विणायला घेत, आणि अर्धी विणलेली सोडून दुसरी सुरू करत. त्यामुळे हयवदनरावांना राजाजीनगरातली बांधकामं आठवत. थंडीत तळ्यावर बदकं येत, फेब्रुवारीत जात. पण त्यांचा जीव जडला होता धोबी पक्ष्यावर. पाऊस सरता सरता हा चिमणीएवढा पाहुणा हिमालयाकडून येई आणि चिखलात शेपूट खालीवर आपटत फिरे. वर्षातला पहिला धोबी दिसला की हयवदनराव घरी येऊन पोटदुखीचा अर्ज लिहीत, तो कचेरीत पाठवून देत आणि दिवसभर त्याच्या मागे चिखलात हिंडत. वर्षातून एकदा. बाकी पोट ठणठणीत होतं.

आता त्यांच्या नोंदींबद्दल सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथेच घडलं. हयवदनरावांच्या आयुष्यात दोन कालगणना होत्या. इंग्रजी तारीख कचेरीची, तिथी घरची. जावक क्रमांकाखाली ते तारीख घालत, आणि सासुरवाडीला पत्र लिहिताना तिथी. तीनशे वर्षं कानडी मुलखात राहिलेल्या त्यांच्या घराण्यात ही शिस्त कधी चुकली नव्हती. पक्षी बघणं ही घरची गोष्ट. तेव्हा पक्ष्यांच्या वहीत अर्थातच तिथी पडल्या.

श्रावणातल्या एका रविवारी त्यांनी वही उघडली, तीन वर्षांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"अगं, इकडे ये," ते म्हणाले. पद्मावतीबाई पदराला हात पुशीत आल्या. "हे बघ. अठ्ठावन्न साली धोबी आला भाद्रपद शुद्ध पंचमीला. एकोणसाठला पौर्णिमेला. गेल्या वर्षी वद्य द्वादशीला. म्हणजे काय?"

"म्हणजे ऋषिपंचमीला मी उपाशी आणि तुम्ही चिखलात, असं."

"दरवर्षी सरासरी अकरा दिवस उशीर होतोय त्याला."

पद्मावतीबाईंनी आठवून पाहिलं. त्यांच्या घरी चातुर्मास कडक असे: पहिला महिना भाजी बंद, दुसरा दही बंद, तिसरा दूध बंद, चौथा डाळ बंद. घरातल्या घटना त्या यावरून लक्षात ठेवत.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी चिखलाचे पाय घेऊन आलात तेव्हा घरात दही नव्हतं. नंतरच्या दोन्ही वर्षी कॉफी मागितलीत आणि दूध नव्हतं."

"बघ. स्वयंपाकघरातून पुरावा मिळाला. असंच चाललं तर आणखी दोनतीन वर्षांत डाळ बंद झाल्यावर येईल."

"पण सणसुद्धा मागेपुढे होतातच की दरवर्षी. दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात."

"सण माणसांचे असतात," हयवदनराव म्हणाले. "हा पक्षी आहे. स्वल्प विचार कर."

पद्मावतीबाईंनी स्वल्प विचार केला आणि त्या भात उतरवायला गेल्या.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तिथीची तारीख आणि तारखेची तिथी करून देण्यात साऱ्या राजाजीनगरात हयवदनरावांचा हात धरणारा कुणी नव्हता. तिथीचं वर्ष अकरा दिवसांनी तोकडं पडतं आणि अधिक महिना येऊन ते भरून काढतो, हे ते कुणालाही, कुठेही, न विचारता समजावून सांगत. त्याच वर्षी अधिक ज्येष्ठ झाला होता, तेव्हा जावयाला अनारसे कधी द्यायचे हे विचारायला गल्लीतली माणसं त्यांच्या ओसरीवर बसली होती. वैद्याला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

या शोधाचं हयवदनरावांना काय करायचं होतं, तेही उघड होतं. व्हाइटफील्डला निवृत्त मेजर जयसिंगराव यांच्या बंगल्यात एक पक्षिनिरीक्षक मंडळ भरत असे. मंडळाचे सभासद वीस, कारण मेजरांकडे खुर्च्या वीस होत्या. सभासद वारल्याशिवाय जागा होत नसे, आणि पहाटे फिरणारी ही माणसं प्रकृतीने दणकट होती. तीन वर्षांत हयवदनरावांनी सात पत्रं पाठवली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. यंदा मात्र एक वृद्ध गृहस्थ गेले होते, आणि आठव्या पत्रात शोधाची बातमी होती. उत्तर आलं: रविवारी, दहा सप्टेंबरला, चार वाजता येऊन निबंध वाचावा, रिकाम्या जागेचा विचार करता येईल.

हयवदनरावांनी कोट इस्त्रीला दिला. चिखलात एकट्याने बोलून बोलून कंटाळलेल्या माणसाला वीस जण ऐकणार होते. त्या खुर्चीत एकदा बसायला मिळावं, एवढीच त्यांची या वयातली इच्छा होती. गोदूबाई नावाच्या त्यांच्या मोठ्या बहिणीने नवससुद्धा बोलून ठेवला. खुर्ची मिळण्यासाठी म्हटल्यावर तिला ते बढतीचं वाटलं होतं.

व्हाइटफील्डच्या बंगल्यात पाऊल टाकलं आणि हयवदनरावांनी घाईघाईने पोटावर हात ठेवला. तिसऱ्या रांगेत त्यांच्या कचेरीचे सुपरिंटेंडंट कृष्णमूर्ती बसले होते.

"या राव," कृष्णमूर्ती आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. "मेजरसाहेब आमचे बॅडमिंटनचे जोडीदार. चहाला बोलावलं म्हणून आलो. तुम्ही बोलणार हे आत्ता कळलं. तब्येत सरी आहे ना?"

"बरी आहे, सर."

निबंध इंग्रजीत होता आणि हयवदनरावांनी तो उभं राहून वाचला. पक्षी थकत चालले आहेत, की हिमालयात काही बिघडलं आहे, की कलियुगाचा हा परिणाम आहे, हे तिन्ही पर्याय त्यांनी निःपक्षपातीपणे मांडले. शेवटी त्यांनी भाकीत केलं: यंदा धोबी आश्विन शुद्ध अष्टमीला येईल, त्याआधी नाही. टाळ्या वाजल्या. मेजर जयसिंगरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"हयवदनराव, उत्तम," ते मराठीत म्हणाले. त्यांचं घराणंही तीन शतकांपूर्वी इकडे आलेलं. तलवार घेऊन, एवढाच फरक. "आमच्या मंडळींना तिथ्या कळत नाहीत. अहवालात घालायचं तर इंग्रजी तारखा लागतील. काढून पाठवाल का?"

"पाठवायचं कशाला," हयवदनराव म्हणाले. हा तर त्यांच्या हातचा मळ. "आत्ता तोंडी सांगतो."

त्यांनी डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायला सुरुवात केली.

"अठ्ठावन्न साल. अधिक श्रावण होता, म्हणजे भाद्रपद लांबला. गणेशचतुर्थी सोळा सप्टेंबर. ऋषिपंचमी सतरा. लिहा, सतरा सप्टेंबर."

मेजरांनी लिहिलं.

"एकोणसाठ. अधिक महिना नाही. सगळं अकरा दिवस अलीकडे. भाद्रपद पौर्णिमा..." अंगठा एका पेरावर थांबला. "सतरा सप्टेंबर."

"तीच तारीख?"

"योगायोग असतो," हयवदनराव म्हणाले, पण त्यांचा आवाज कमी झाला होता. "साठ. अधिक नाही. आणखी अकरा अलीकडे. वद्य द्वादशी." अंगठा फिरला, थांबला, उलटा फिरला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"सतरा सप्टेंबर," तिसऱ्या रांगेतून कृष्णमूर्ती म्हणाले. "शनिवार."

मेजरांनी मान वळवली. "तुम्हाला काय ठाऊक?"

"रजेचं रजिस्टर माझ्याकडे असतं. अठ्ठावन्न, सतरा सप्टेंबर, रावांची पोटदुखी. एकोणसाठ, सतरा सप्टेंबर, पोटदुखी. साठ, सतरा सप्टेंबर, पोटदुखी. मला वाटायचं, घरात कुणाचं श्राद्ध असेल, सांगायला संकोचतात. मग लक्षात आलं, श्राद्ध तिथीने येतं. दरसाल तारखेने येणारं दुखणं मी पहिल्यांदाच पाहिलं. यंदा सतरा रविवारी आहे, तेव्हा अर्ज करावा लागणार नाही तुम्हाला."

वीस माणसं सभ्य होती. कुणी हसलं नाही. फक्त चहाच्या कपांचा आवाज वाढला. हयवदनराव हातातल्या निबंधाकडे पाहत उभे होते. नऊ पानं होती. अकरा दिवसांचा उशीर पक्ष्याचा नव्हता, पंचांगाचा होता, आणि गेली तीस वर्षं हे लोकांना समजावून सांगणारा माणूस त्या बंगल्यात तोच एक होता.

खुर्ची गेली, हे त्यांना स्पष्ट दिसलं. मग बुडता माणूस जसा पाय आपटतो तसं त्यांनी खाकरून म्हटलं, "हाच माझा खरा शोध आहे."

"कुठला?" मेजर म्हणाले.

"की धोबी दरवर्षी त्याच तारखेला येतो. एका दिवसाचाही फरक नाही. दोन हजार मैलांवरून. आपली सरकारी गाडी व्हाइटफील्डहून सिटी स्टेशनला वेळेवर येत नाही." हे बोलताना त्यांना स्वतःलाच ते पटत गेलं. "मी तिथीने मांडलं ते मुद्दाम. तारखेचं महत्त्व ठसावं म्हणून."

"मुद्दाम," कृष्णमूर्ती म्हणाले, आणि त्यांनी बिस्कीट उचललं.

मेजर जयसिंगरावांनी सैन्यात वक्तशीर नाहीत म्हणून माणसं बडतर्फ केली होती. त्यांचा चेहरा उजळला. "सतरा तारीख पुढच्या रविवारीच आहे. आम्ही सगळे येतो तुमच्या नदीवर. पक्षी आला तर त्याच चिखलात तुम्हाला सभासद करून घेतो."

तो आठवडा हयवदनरावांनी कसा काढला, ते पद्मावतीबाईंनाच ठाऊक. सोमवारपासून ते नदीवर गेले नाहीत. पक्षी आधीच येऊन बसला असला तर ते आपल्याला बघायचं नाही, असं ते म्हणाले.

"आणि आला नाही तर?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

"तीन वर्षं आलाय."

"तीन वर्षं तुम्ही त्या दिवशी बघितलात. त्याच्या आदल्या दिवशी गेला होतात का?"

हयवदनरावांनी आठवून पाहिलं. अठ्ठावन्न साली आदल्या दिवशी गणपती होता. एकोणसाठला पावसाने नदी भरली होती. गेल्या वर्षी एकादशी होती. निर्जळी उपासात चिखलातून चालवत नाही. त्यांनी पद्मावतीबाईंना त्यांचं काम बघायला सांगितलं.

रविवारी पहाटे सहा वाजता मेजर, अठरा सभासद आणि सहज म्हणून आलेले कृष्णमूर्ती वृषभावतीच्या काठी उतरले. रात्री पाऊस झाला होता. दोघांचे बूट चिखलात राहिले. मेजरांनी खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं. बगळे दिसले, खंड्या दिसला, पाणकोंबडी आपली पिल्लं घेऊन लव्हाळ्यांतून गेली. दर वेळी एकोणीस दुर्बिणी वळत आणि परत येत. साडेनऊला एका सभासदाच्या पायाला जळू चिकटली. अकराला मेजरांनी घड्याळ खिशात ठेवलं.

"हयवदनराव, पुढल्या वेळी बघू," ते म्हणाले. पुढली वेळ म्हणजे पुढचा सभासद वारल्यावर, हे सगळ्यांना कळलं.

कृष्णमूर्ती जाता जाता थांबले. "राव, उद्या कचेरीत या. पोट कसंही असलं तरी या."

रिकामी खुर्ची व्हाइटफील्डच्याच एका दंतवैद्याला मिळाली.

धोबी मंगळवारी आला. मागच्या दारी धुणं वाळत घालताना पद्मावतीबाईंना तो दिसला. हयवदनराव त्या वेळी कचेरीत होते.