विठू रिबनवाला

राहनाळच्या गोदामांत तेव्हा सगळीकडे तो करकरणारा प्रिंटर असायचा. कागद पुढे सरकवत, डोकं इकडून तिकडे आपटत छापायचा. त्याच्यात शाई लावलेली नायलॉनची पट्टी असते, ती रिबन. शाई सुकली की अक्षरं फिकट व्हायची, आणि अक्षरं फिकट झाली की दिघाशीच्या विठूला बोलावणं यायचं. विठू सायकलवर यायचा, रिबनची डबी उघडायचा, आपल्या लाकडी फळीवरच्या हँडलने पट्टी शाईत भिजवलेल्या नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, बोळ्यातून फिरवायचा, चहा प्यायचा आणि पुढच्या गोदामात जायचा. शिक्षण चौथी, पण ह्या कामावर पोट भरत होतं.

दोन हजार सहा-सात साली त्याच्या पोटावर गदा आली. हिरामण शेठच्या मुलाने, भावेशने, नवा प्रिंटर आणला. पांढरा, हलका, आवाज म्हणून नाही. आता हिरामण शेठ म्हणजे राहनाळचा मोठा गोदामवाला. त्याने छपराचे पत्रे बदलले की बाकीचे गोदामवालेही बदलायचे. त्याने प्रिंटर बदलला म्हणजे आपलं काय होणार, हे विठूला कोणी सांगायला नको होतं.

पण महिनाभरात नव्याची शाई संपली. भावेश बाजारात जाऊन आला आणि कपाळाला हात लावून बसला. शाईची डबी जवळजवळ प्रिंटरच्याच भावात.

"हात्तिच्या," विठू म्हणाला. "मी भरून देतो की. कामतघरला तो दुकानवाला सुई टोचून भरतो, बघितलंय मी."

"जमंल काय रं तुला?" शेठने विचारलं.

"शेठ, शाई ती शाई. जल्म गेला माझा शाईत."

विठू मेडिकलमधून इंजेक्शनची सिरिंज घेऊन आला. मनात म्हणाला, हे जमलं तर नवा प्रिंटर घरोघरी येवो, भरायला मीच. आणि त्याने आपल्या बाटलीतली शाई त्या डबीत भरली. रिबनची शाई, तेलकट, काकवीसारखी. नव्या प्रिंटरची शाई वेगळी, पाण्यासारखी पातळ असते हे त्याच्या ध्यानीमनीच नाही.

बाहेर ट्रक भरून उभा. ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला, "सेठ, बिल्टी दे दो, आगे गाड़ियाँ लग जाएँगी." बिल्टी म्हणजे मालाबरोबरचा कागद, त्याच्याशिवाय गाडी हलत नाही.

भावेशने बटण दाबलं. प्रिंटरने कागद आत ओढला, घुर्र केलं, कोरा बाहेर टाकला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा आतून काहीतरी कटकन बोललं आणि खालच्या फटीतून काळा ओघळ टेबलावर आला, टेबलावरून भावेशच्या पँटवर.

"विठूकाका, काय भरलं हो तुम्ही यात? डांबर?"

ड्रायव्हर हसला. "चाचा ने तो नहला दिया."

विठूने प्रिंटर उलटा केला, फडक्याने पुसला, डबी काढली, बसवली. काही उपयोग नाही. जुना प्रिंटर काढावा म्हटलं, तर तो सकाळीच भंगारवाल्याने नेलेला. शेवटी भावेशने बिल्टी पेनाने लिहिली, मध्ये कार्बन घालून, आणि ट्रक गेला.

आता शेठ शिव्या देणार म्हणून विठू मान खाली घालून उभा राहिला. मागे एकदा त्याच्या हातून जुन्या प्रिंटरच्या डोक्यातली एक पिन मोडली होती, तेव्हा शेठने सगळ्या राहनाळला ऐकू जाईल असा त्याचा उद्धार केला होता, आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्याला घरी जाऊ दिलं नव्हतं.

"शेठ, माझ्या हातनं गेला," विठू म्हणाला.

"जाऊं दे रं." शेठ सुपारी कातरत होता. "भावेश, उद्या दुसरा घेऊन ये. नुसती शाई घ्यायची त्यापेक्षा अख्खं मशीनच बरं पडतंय."

"आणि ह्याचं?" विठूने विचारलं.

"ह्याचं काय? टाकायचा."

एवढंच. शिवी नाही, आवाज नाही. विठूला वाटलं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या घालतो तो उद्या परत बोलावतो. पण जी वस्तू बिघडली तर कोणी ओरडतसुद्धा नाही, तिला दुरुस्त करणारा कोणाला लागणार?

तो बराच वेळ मोरीवर हात चोळत बसला. मग आत येऊन म्हणाला, "शेठ, गेटवर माणूस पायजे म्हणत होता तुम्ही."

शेठने अडकित्ता खाली ठेवला. "तू बसशील?"

"बसंन की."

"मग उद्या ये."

"उद्या न्हाय. परवा. उद्या सगळ्या गोदामांत जाऊन येतो. त्यांची जुनी मशीनं अजून चालू हायत. रिबन आता बाजारातनं आणा म्हणून सांगायला पायजे."

"फोन कर ना येड्या, भावेश लावून दील."

"न्हाय शेठ," विठू म्हणाला. "इतकी वर्सं त्यांचा चहा प्यालोय. तोंडावर सांगंन."